अथेनाने हेक्टरला फसवलं, म्हणून लेकीने पुस्तक मिटलं

पत्र

"माझी मुलगी नुकतीच नववी पास झाली. सुट्टीत तिने ग्रीक कवी होमरचं, ग्रीक आणि ट्रॉय यांच्या युद्धावरचं 'इलियड' वाचायला घेतलं, इंग्रजी गद्य अनुवाद. रोज रात्री जेवताना ती मला पुढची गोष्ट सांगायची. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर तिचा फार लाडका. गेल्या आठवड्यात ती बाविसाव्या सर्गापाशी आली. तिथे अथेना देवी हेक्टरच्या भावाचं रूप घेऊन येते, 'आपण दोघं मिळून त्या ग्रीक वीराशी, अकिलीसशी लढू' म्हणते आणि ऐन वेळी नाहीशी होते. लेक रडली, पुस्तक मिटून कपाटात टाकलं. म्हणाली, 'ही देवी? असल्या देवांची गोष्ट मला वाचायची नाही.' समजूत घालायला मी म्हटलं, अगं, आपल्याकडेही 'नरो वा कुंजरो वा' आहे, कर्णाचं रुतलेलं चाक आहे. तर म्हणाली, 'बाबा, तिथे कृष्णाला धर्माचं कारण तरी होतं. अथेनाला काय कारण होतं?' मी गप्प बसलो. नंतर पुस्तक चाळलं तर पानोपानी भाले, रक्त, फुटलेली डोकी. या वयात हे वाचणं बरं का, अशीही शंका आली. तिला पुढे वाच म्हणू, की राहू दे म्हणू?" – एक बाबा, सातारा

उत्तर

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. पुस्तकातल्या माणसासाठी रडणारी आणि देवीला जाब विचारणारी मुलगी तुमच्या घरात आहे. तिला आधी हे सांगा की तिचं वाचताना काहीही चुकलेलं नाही. तिला आलेला राग खुद्द ग्रीकांनाही आला होता, तोही अडीच हजार वर्षांपूर्वी. झेनोफनीस नावाच्या कवी-विचारवंताने लिहून ठेवलंय की माणसांमध्ये ज्या गोष्टी लाजिरवाण्या मानल्या जातात, म्हणजे चोरी, व्यभिचार, एकमेकांना फसवणं, त्या सगळ्या होमर आणि हेसिअड या कवींनी देवांच्या माथी मारल्या. पुढे प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये आदर्श नगराची कल्पना मांडली, तेव्हा देव रूपं बदलून माणसांना फसवतात अशा गोष्टी मुलांच्या कानावर पडता कामा नयेत असं बजावलं. अकिलीसने हेक्टरचं प्रेत फरफटत नेलं, ही कथा खरी मानायलाही तो तयार नव्हता. तुमची लेक प्लेटोच्या पंगतीला बसली आहे. मात्र प्लेटोला या गोष्टी मुलांपासून दूर ठेवायच्या होत्या, आणि मला वाटतं, तिच्या वयाच्या मुलांनी त्या अवश्य वाचाव्यात.

आता तिचा प्रश्न. अथेनाला काय कारण होतं?

कारण होतं, पण ते फार छोटं होतं. ट्रॉयचा दुसरा राजपुत्र पॅरिस याने कधीतरी हेरा आणि अथेना या दोघी देवींना डावलून ॲफ्रोडाइटी या तिसऱ्या देवीच्या बाजूने कौल दिला होता. तो अपमान दोघींच्या मनातून कधी गेला नाही. होमर हे कारण सांगतो तेही थेट शेवटच्या, चोविसाव्या सर्गात, दोन-चार ओळींत, जाता जाता. त्याआधी चौथ्या सर्गात देवांचा राजा झ्यूस आणि त्याची बायको हेरा यांच्यात एक सौदा होतो, तो तिने वाचलाच असेल. झ्यूस म्हणतो, ट्रॉय मला प्रिय आहे, तरी तुझ्या हट्टासाठी सोडतो; पण उद्या मला तुझं एखादं आवडतं नगर उद्ध्वस्त करायचं असेल तर आड येऊ नकोस. हेरा लगेच म्हणते, माझी तीन लाडकी नगरं आहेत, आर्गोस, स्पार्टा आणि मायसिनी. तुला वाटेल तेव्हा धुळीला मिळव. या नगरांमध्ये तिची पूजा होते, तिथली माणसं तिच्याच बाजूने या युद्धात लढताहेत. तिला त्याचं काही नाही.

अथेनाचा दुष्टपणा तर सहाव्या सर्गापासूनच दिसतो, आणि तुमच्या लेकीला कदाचित तो तिथे जाणवला नसेल. अथेनाचं देऊळ ट्रॉयमध्येही आहे. लढाई अंगावर येते तेव्हा हेक्टर रणांगण सोडून नगरात येतो, तो आईला हेच सांगायला: घरातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात सुंदर, तुझं सगळ्यात आवडतं वस्त्र घे आणि अथेनाच्या गुडघ्यांवर ठेव. आई हेकुबा सुगंधी कोठीत उतरते. सिडॉनच्या बायकांनी विणलेली वस्त्रं तिथे ठेवलेली असतात. त्यातलं सगळ्यात तळाशी असलेलं, चांदणीसारखं चमकणारं वस्त्र ती उचलते. नगरातल्या वयस्कर बायका मिळून देवळात जातात, पुजारीण ते देवीच्या मांडीवर ठेवते, बारा कालवडी वाहण्याचा नवस बोलते आणि नगराची, बायकांची, तान्ह्या लेकरांची भीक मागते. आपल्याकडे देवीला साडीचोळी करतात, अगदी तसंच. त्यावर होमरची एकच ओळ आहे: अथेनाने मान हलवून नकार दिला. बस. बायकांना तो नकार कळत नाही. त्या घरी जातात.

म्हणजे बाविसाव्या सर्गात हेक्टर ज्या देवीकडून फसवला जातो, तिच्याच पायाशी त्याने स्वतःच्या आईला पाठवलं होतं. तुमच्या लेकीचा राग हे ऐकून आणखी वाढेल. वाढू द्या. ही फसवणूक पचू नये अशीच होमरने ती रचली आहे.

त्या प्रसंगात काय काय घडतं ते एकदा तिच्याबरोबर सावकाश बघा. हेक्टर वेशीबाहेर एकटा उभा आहे. आई-बाप तटावरून आत ये म्हणून विनवताहेत, तो ऐकत नाही. पण अकिलीस समोर आल्यावर तो घाबरतो आणि पळत सुटतो. नगराला तीन फेरे होतात. वाटेत दोन झरे लागतात, एक गरम, एक गार, आणि त्यांच्यापाशी दगडी कुंडं, जिथे ट्रॉयच्या बायका युद्धाआधी, शांततेच्या दिवसांत, धुणं धुवायच्या. दोन माणसं जिवाच्या आकांताने धावताहेत आणि कवी मध्येच धुण्याची कुंडं दाखवतो! हे युद्ध कशाचा नाश करतंय ते याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

वर देव बघत बसलेत. झ्यूसला हेक्टरचं वाईट वाटतं, याने मला किती बैल वाहिले म्हणतो, वाचवू का असं विचारतो. अथेना खडसावते आणि तो लगेच माघार घेतो. मग तो सोन्याचा तराजू उचलतो. हेक्टरचं पारडं खाली जातं आणि त्याच क्षणी त्याचा पाठीराखा देव अपोलो त्याला सोडून निघून जातो. इथे मरण ठरलं. अथेना हेक्टरजवळ येते ती त्यानंतर. डेइफोबस या भावाचं रूप घेते. हेक्टर त्याला म्हणतो, भावांमध्ये तू मला सगळ्यात जवळचा होतास, आता तर जास्तच, बाकीचे सगळे आत असताना तू एकटा माझ्यासाठी बाहेर आलास. अकिलीसचा भाला चुकतो, तो अथेना हेक्टरच्या नकळत परत आणून देते. हेक्टरचा भाला ढालीवर आपटून उडतो. तो वळून भावाला हाक मारतो, भाला दे. जवळ कुणीच नाही.

लेकीने बहुधा इथेच पुस्तक मिटलं. पुढच्या आठ-दहा ओळी तिने रागाच्या भरात वाचल्या नसतील, तर त्या तुम्ही वाचून दाखवा. हेक्टरला एका क्षणात सगळं कळतं. तो म्हणतो, देवांनीच मला मरणाकडे बोलावलं. डेइफोबस जवळ आहे असं वाटलं होतं, तो आत आहे, मला अथेनाने फसवलं. मरण आता दूर नाही, सुटका नाही. पण लढल्याशिवाय मरणार नाही. पुढच्या माणसांच्या कानी जाईल असं काहीतरी करून मरेन. आणि तलवार उपसून तो झेपावतो. थोड्या वेळापूर्वी हाच माणूस तीन फेरे पळाला होता. तेव्हा त्याला आशा होती. आता आशा नाही, देव नाहीत, भाऊ नाही, भाला नाही, आणि तो पुढे जातो. या काव्यातलं शौर्य मला इथे सापडतं. देवीच्या हातात त्याचं मरण होतं, तो कसा मरेल हे तिला ठरवता आलं नाही.

मग प्रश्न उरतो, होमरचे देव असे का? मला जे उत्तर पटतं ते काव्यातच आहे. हे देव मरत नाहीत. पाचव्या सर्गात डायोमीडीस या ग्रीक वीराचा भाला ॲफ्रोडाइटीच्या हाताला लागतो. ती रडत रडत आईकडे जाते, आई जखम पुसते, दुखणं थांबतं, झ्यूस हसतो. अर्ध्या घटकेचा खेळ. एकविसाव्या सर्गात देवच आपापसांत भिडतात, हेरा आर्टेमिस देवीचंच धनुष्य हिसकावून तिच्या कानशिलात मारते, आणि कुणाचंच काही बिघडत नाही. त्याच वेळी समुद्रदेव पोसायडन अपोलोला लढायला बोलावतो, तेव्हा अपोलो म्हणतो, माणसांसाठी मी तुझ्याशी भांडू? झाडाच्या पानांसारखी ती, आज टवटवीत आणि उद्या गळालेली. ज्याला काहीच गमवावं लागत नाही त्याला कशाचीच किंमत उरत नाही.

याची दुसरी बाजू सार्पेडन सांगतो, बाराव्या सर्गात. हा झ्यूसचा मुलगा, पण मर्त्य, ट्रॉयच्या बाजूने लढणारा. तो मित्राला म्हणतो, या लढाईतून निसटून आपण दोघं अजर-अमर होणार असतो, तर मी पुढच्या फळीत लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. पण मरण हजार वाटांनी आपल्याभोवती उभंच आहे, कुणाला चुकत नाही, तर चल. सोळाव्या सर्गात तो मरतो तेव्हा मात्र झ्यूस धरतीवर रक्ताचा पाऊस पाडतो. देवांना दुःख होतं ते असं, स्वतःचं पोर जातं तेव्हा. अकिलीसची आई थेटिस देवी आहे, तिचं रडणं काव्यभर चालू असतं, कारण तिचा मुलगा मरणार आहे हे तिला ठाऊक आहे.

तुम्ही दिलेल्या महाभारताच्या दाखल्यांबद्दल थोडं. तुमचा हेतू चांगला होता, पण 'आपल्याकडेही आहे' म्हटल्याने तिची तक्रार सुटत नाही, दुप्पट होते. आणि लेकीने दाखवलेला फरक खरा आहे: कृष्ण धर्माचं नाव घेतो, अथेना कसलंच नाव घेत नाही. तुलना करायचीच असेल तर स्त्रीपर्वाशी करा. युद्ध संपल्यावर गांधारी रणांगणावर उभी राहून कृष्णाला विचारते, तुझ्यात हे थांबवायचं सामर्थ्य होतं, मग का थांबवलं नाहीस? आणि शाप देते, 36 वर्षांनी तुझंही कुळ असंच आपसांत लढून मरेल. तुमच्या लेकीने अथेनाला जे विचारलं ते गांधारीने कृष्णाला तोंडावर विचारलं होतं. हे तिला सांगा, तिला सोबत मिळेल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: ती दोन सर्ग आधी थांबली आहे. 'इलियड' हेक्टरच्या मरणाने संपत नाही. लाकडी घोडाही त्यात नाही, अकिलीसचं मरण नाही, ट्रॉयचा पाडाव नाही. चोविसाव्या सर्गात अकिलीस रोज हेक्टरचं प्रेत रथाला बांधून पॅट्रोक्लसच्या, म्हणजे हेक्टरने मारलेल्या आपल्या जिवलग मित्राच्या, समाधीभोवती फरफटतोय. बाराव्या दिवशी अपोलो देवांच्या सभेत उठतो आणि देवांनाच सुनावतो: तुम्ही क्रूर आहात. हेक्टरने तुम्हाला कधी बैल, बोकड वाहिले नाहीत का? आता त्याचं प्रेतही त्याच्या बायकोला, आईला, लेकराला, बापाला द्यायला तुम्ही तयार नाही? लेकीचा प्रश्न काव्यात विचारला जातो, आणि तो एक देवच विचारतो.

मग हेक्टरचा बाप, म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तळावर जातो. अकिलीससमोर गुडघे टेकतो आणि ज्या हातांनी त्याची कितीतरी मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर, तो माझ्याच वयाचा असेल. अकिलीस म्हाताऱ्याचा हात धरून हळूच बाजूला करतो. दोघंही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. पुढे एक बारकावा आहे, तो तिला नक्की दाखवा. अकिलीस दासींना सांगतो, प्रेत धुवून तेल लावा, पण बाजूला नेऊन, बापाच्या नजरेआड. मुलाला त्या अवस्थेत बघून म्हातारा संतापला तर मलाही राग अनावर होईल आणि मी त्याला मारून टाकीन. स्वतःच्या रागाची ज्याला भीती वाटते असा अकिलीस पहिल्यांदाच दिसतो, आणि ज्या काव्याची सुरुवात त्याच्या रागाने झाली त्यात हे घडतं. मग तो स्वतः मेंढी कापतो, दोघं जेवतात. प्रायम मुलगा गेल्यापासून जेवला नव्हता, झोपला नव्हता. अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? अकरा. तेवढे दिवस लढाई थांबवायचं वचन तो देतो. शेवटची ओळ हेक्टरच्या अंत्यसंस्काराची आहे. कवी ग्रीक, ऐकणारे ग्रीक, आणि काव्य संपतं शत्रूच्या घरच्या सुतकात. जगातली कुठली देवी या काव्यात जिंकली हे तिथे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

रक्तपाताचं तुम्ही विचारलंत. हो, फार आहे, आणि होमर डोळे मिटून घेत नाही. भाला कुठून आत गेला आणि कुठून बाहेर आला ते सांगतो. पण तुम्ही पुस्तक चाळलंत म्हणून ते तसं दिसलं. नीट वाचाल तर मरणाऱ्या कितीतरी जणांना नाव आहे, आई-बाप आहेत, गाव आहे. चौथ्या सर्गात ग्रीक वीर एजॅक्स एका कोवळ्या ट्रोजन पोराला मारतो. कवी थांबून सांगतो की त्याचं नाव सिमोइसिअस. त्याची आई आई-वडिलांबरोबर मेंढरं बघायला इडा डोंगरावर गेली होती, तिथून उतरताना सिमोइस नदीच्या काठी तो जन्मला, म्हणून हे नाव. आई-बापाने वाढवल्याचे पांग त्याला फेडता आले नाहीत. पुढे तो पुन्हा कधी येत नाही. ज्या पडद्यावरच्या खेळांत शेकडो बिननावी माणसं पडतात आणि स्कोअर वाढतो, त्यापेक्षा हे वाचन पंधराव्या वर्षी कैक पटींनी बरं. माझं मत स्पष्ट आहे: वाचू द्या.

ती पुढे गेली, तर तिच्यासाठी आणखी दोन रोमन कवी आहेत. पहिला व्हर्जिल (इ.स.पू. 70 ते 19). त्याच्या 'ईनिड'च्या अकराव्याच ओळीत तिचा प्रश्न जसाच्या तसा आहे: स्वर्गात राहणाऱ्यांच्या मनात एवढा राग असतो? ट्रॉयमधून बापाला खांद्यावर घेऊन निघालेला ईनिअस हा त्याचा नायक, कर्तव्याला सर्वांत वर मानणारा. पण शेवट वाचून ती पुन्हा चिडेल. ईनिअसचा हरलेला शत्रू, जखमी टर्नस हात जोडून म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर, मला किंवा माझं प्रेत माझ्या म्हाताऱ्या बापाकडे जाऊ दे. हे शब्द प्रायमचे आहेत. संतापी अकिलीस त्या शब्दांनी विरघळला होता. कर्तव्यनिष्ठ ईनिअस क्षणभर थबकतो, टर्नसच्या खांद्यावर आपल्या मारल्या गेलेल्या तरुण मित्राचा पट्टा दिसतो, आणि तलवार खुपसतो. काव्य तिथेच तुटतं. अंत्यविधी नाही, अश्रू नाहीत. हे दोन शेवट शेजारी शेजारी ठेवून तिच्याशी बोला, एक अख्खी सुट्टी पुरणार नाही.

दुसरा ल्यूकन. रोमन सम्राट नीरोच्या काळातला, इ.स. 65 मध्ये नीरोच्याच हुकमामुळे पंचविशीत आत्महत्या करावी लागलेला. सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवी युद्धावर त्याने महाकाव्य लिहिलं आणि त्यातून युद्धात हात घालणारे देवच काढून टाकले. जिंकणारी बाजू देवांना आवडली, हरणारी केटो या रोमन पुढाऱ्याला, असं तो एका ओळीत म्हणतो. देवांच्या निवडीसमोर एका माणसाची निवड ठेवतो. तो कठीण आहे, कॉलेजात गेल्यावर वाचेल.

सध्या एवढंच करा. 'पूर्ण वाच' असा आग्रह धरू नका. तेविसावा सर्ग खेळांचा आणि अंत्यविधीचा आहे, तो नंतर वाचला तरी चालेल. एकदम चोविसावा उघडा. तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, इंग्रजी अडलं तर मराठीत सांगत सांगत, एका बैठकीत अपोलोच्या भाषणापर्यंत आणि दुसऱ्या बैठकीत प्रायम परत निघेपर्यंत. ती कामात असल्यासारखी शेजारी बसली तरी पुरे. वाचून झाल्यावर अर्थ सांगायला जाऊ नका. फक्त विचारा, अकिलीसने प्रेत बाजूला नेऊन का धुवायला सांगितलं असेल? आणि ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.